तीन मीटरचं पाखं, ३५ अंशांचा उतार आणि स्क्रीनवरचा छोटा ‘आर’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल.

गुहागर तालुक्यातलं जुनं घर. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती तशाच ठेवून छप्पर नवं करायचंय, वर मंगलोरी कौलं. भिंतीच्या माथ्यापासून आढ्याच्या (छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाच्या) बरोबर खालपर्यंतचं आडवं अंतर ३ मीटर, पाख्याचा (छपराच्या एका उतरत्या बाजूचा) उतार ३५ अंश. तुम्ही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणून घरच्यांनी हिशेब तुमच्यावर सोपवला. आढ्याची उंची काढायला तुम्ही ३ गुणिले टॅन ३५ केलं, उत्तर आलं १.४२ मीटर. वाशाची, म्हणजे आढ्यापासून भिंतीवर येणाऱ्या तिरक्या लाकडाची, लांबी काढायला ३ भागिले कॉस ३५ केलं, आलं उणे ३.३२. लांबी उणे असत नाही म्हणून तुम्ही उणे चिन्ह सोडून दिलं. मग पायथागोरस लावून ताळा केला: ३ चा वर्ग अधिक १.४२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. ते आलं ३.३२. ताळा जुळला. पण सुतारकाका म्हणतात, “फुटाला साडेआठ इंच चढ धरला तर आढं भिंतीवर जवळपास सात फूट जायला हवं, तुझं तर पाच फूटसुद्धा होत नाही.” तुम्ही विचारलंय की दोघांपैकी चूक कोण, आणि सुतारकाका चूक नसतील तर पायथागोरसचा ताळा जुळला कसा.

सुतारकाका बरोबर आहेत. कॅल्क्युलेटरही बिघडलेला नाही. तुम्ही ३५ अंश म्हणालात, त्याने ३५ रेडियन ऐकलं, आणि ३५ रेडियनचं अगदी अचूक उत्तर दिलं.

मी गेली अनेक वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जमिनीची मोजणी आणि घरबांधणीची आखणी करतो. हाताखाली आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाकडून ही चूक एकदा तरी झालेली पाहिली आहे. पण तुमच्या प्रश्नातला तो जुळलेला ताळा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांबीने लिहितो.

रेडियन म्हणजे काय ते बैलगाडीच्या चाकावर बघा. चाकाच्या एका आऱ्याएवढ्या लांबीची दोरी घ्या आणि ती चाकाच्या धावेवर वळवून लावा. त्या दोरीच्या दोन टोकांपासून कण्यापर्यंत दोन रेषा ओढल्या तर मधे जो कोन होतो तो १ रेडियन. अंशांत तो ५७.३ च्या आसपास, नेमका हवा असेल तर ५७.२९५८. पूर्ण चाकाभोवती अशा ६.२८ दोऱ्या लागतात. आता ३५ रेडियन म्हणजे अशा ३५ दोऱ्या एकापुढे एक. चाकाला साडेपाच फेऱ्या पूर्ण होतात आणि वर थोडं उरतं. गुणाकार करून बघा: ३५ × ५७.२९५८ = २००५.३५ अंश. त्यातून साडेपाच फेऱ्यांचे १९८० अंश काढले की उरतात २५.३५ अंश.

तुमचा सगळा घोळ या २५.३५ मध्ये आहे. टॅनची किंमत दर १८० अंशांनी पुन्हा तीच येते, म्हणून टॅन ३५ रेडियन म्हणजे टॅन २५.३५ अंश, ०.४७३८. त्याला ३ ने गुणलं की १.४२. कॉसचं तसं नाही. अर्धी फेरी जास्त झाली की कॉसचं चिन्ह उलटतं, म्हणून उणे ०.९०३७ आणि म्हणून उणे ३.३२. तुम्ही चिन्ह खोडलंत आणि नकळत २५.३५ अंशांच्या छपराचा वासा काढलात. ३५ अंशांचा टॅन आहे ०.७००२ आणि कॉस ०.८१९२. त्यावरून आढ्याची उंची येते २.१० मीटर, म्हणजे ६ फूट पावणेअकरा इंच. वाशाची लांबी ३.६६ मीटर. सुतारकाकांचा सात फुटांचा अंदाज इतका जवळ होता.

आता ताळ्याकडे या. पायथागोरसचं प्रमेय कुठल्याही काटकोन त्रिकोणाला लागू पडतं. तुमचा १.४२ आणि ३.३२ चा त्रिकोणही खरा काटकोन त्रिकोणच आहे, फक्त तो तुमच्या छपराचा नाही, दुसऱ्याच एका बसक्या छपराचा आहे. दोन्ही आकडे एकाच चुकीच्या कोनातून निघालेले, त्यामुळे ते एकमेकांशी जुळणारच. हिशेबाचे दोन भाग एकाच यंत्रातून, एकाच सेटिंगमध्ये काढले आणि मग एकमेकांवर ताडून पाहिले, तर बटण चुकीचं दाबलं गेलं असेल ते सापडेल. सेटिंगच चुकीचं असेल तर ते सापडणार नाही. त्यासाठी ताळा कॅल्क्युलेटरच्या बाहेरून यायला हवा. सुतारकाकांचं “फुटाला साडेआठ इंच” हा तसा बाहेरून आलेला ताळा होता. तुम्ही तो कानाआड केला नाहीत आणि विचारायला आलात, याबद्दल मला मनापासून बरं वाटलं. तुमच्या १.४२ वर लाकूड कापलं असतं तर प्रत्येक वासा वीतभराहून जास्त आखूड पडला असता, आणि आढं खाली ओढून वासे बसवले असते तर कौलांना पावसाळाभर पुरेसा उतार मिळाला नसता. आपल्याकडे मृगापासून पुढे वाऱ्याबरोबर आडवा पाऊस येतो. उतार कमी पडला की पाणी कौलांच्या सांध्यांतून उलटं आत शिरतं.

सेटिंग बदलायचं कसं ते तुमच्या मॉडेलवर अवलंबून आहे आणि तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या कॅसिओच्या तीन घराण्यांचं सांगतो. एफएक्स-८२एमएस किंवा ९९१एमएस असेल तर ‘मोड’ बटण पुन्हा पुन्हा दाबत राहा. ‘डेग, रॅड, ग्रा’ असे तीन पर्याय समोर आले की १ दाबा. ८२एमएसवर ते दुसऱ्या दाबात येतात, ९९१एमएसवर चौथ्या. ईएस किंवा ईएस प्लस असेल तर ‘शिफ्ट’ आणि मग ‘मोड’, म्हणजे सेटअप, त्यात ३ हा अंशांचा आकडा. ४ म्हणजे रेडियन आणि ५ म्हणजे ग्रेडियन (कोनाचं तिसरं माप, त्याबद्दल पुढे सांगतो). ९९१ईएक्स क्लासविझवर ‘शिफ्ट’, ‘मेनू’, मग २, मग १. तिन्हींवर स्क्रीनच्या वरच्या कडेला बारीक अक्षर असतं: अंशांसाठी ‘डी’, रेडियनसाठी ‘आर’, ग्रेडियनसाठी ‘जी’. तुमच्याकडे आत्ता तिथे ‘आर’ असणार. कॅल्क्युलेटर बंद करून चालू केल्याने ते जात नाही. माझा अंदाज असा की गणिताच्या पेपरला इंटिग्रेशनसाठी तुम्ही तो रेडियनवर नेला आणि तो तसाच राहिला. कॅल्क्युलसमध्ये रेडियनच लागतात, तेव्हा तिथे तुमचं चुकलं नव्हतं. फक्त घरी परत आणायचं राहिलं.

एकाच हिशेबापुरता कोन अंशांत द्यायचा असेल तर एमएस आणि ईएसवर ‘अ‍ॅन्स’ बटणाच्या वर ‘डीआरजी’ असं छापलेलं असतं. ३५ टाकून शिफ्ट-अ‍ॅन्स दाबलं की हा आकडा कशात आहे ते निवडता येतं. मी स्वतः ते क्वचितच वापरतो. साइटवर एकच सवय बरी पडते.

ती सवय म्हणजे, कॅल्क्युलेटर हातात घेतला की पहिलं साइन ३०. उत्तर ०.५ आलं तर अंश. उणे ०.९८८ आलं तर रेडियन. ०.४५४ आलं तर ग्रेडियन. तीन सेकंदांचं काम आहे. साइन ० किंवा टॅन ० ने तपासू नका; शून्याचा साइन तिन्हींत शून्यच येतो, काहीच कळत नाही. मोबाइलवर तर हे जास्तच जपा, कारण काही अ‍ॅपमध्ये बटणावर आत्ताचं सेटिंग लिहिलेलं असतं आणि काहींत दाबल्यावर जे होईल ते. अक्षर वाचत बसण्यापेक्षा साइन ३० विचारावं. आणि एक्सेलमध्ये हिशेब करणार असाल तर तिथे टॅनच्या कंसातला आकडा नेहमी रेडियनमध्येच धरला जातो. नुसतं ३५ लिहिलं तर तुमचा तोच १.४२ परत येईल. ३५ आधी ‘रेडियन्स’ या फंक्शनमध्ये घालून मग टॅनला द्यायचा.

ग्रेडियनबद्दल थोडं जास्त सांगायलाच हवं, कारण माझी चूक तिथे झाली होती. ग्रेडियनमध्ये काटकोनाचे ९० नाही, १०० भाग करतात. पूर्ण वर्तुळाचे ४००. फ्रान्समध्ये दशमान पद्धत आली त्या काळातली ही मापं, आणि युरोपात काही ठिकाणी मोजणीदार ती अजून वापरतात. आपल्याकडे तिचा उपयोग जवळजवळ नाही. पण कॅल्क्युलेटरवर ती आहे.

कामाला लागून माझं दुसरं वर्ष होतं. एका वाडीत व्हाळापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) झऱ्यावरून पाण्याची लाइन आणायची होती. पाऊस नुकताच सरलेला, व्हाळाला पाणी भरपूर, टेप घेऊन पलीकडे जाणं शक्य नव्हतं. मी अलीकडच्या काठावर २० मीटरचा पाया मोजला. एका टोकाला पलीकडचा जांभळीचा बुंधा बरोबर काटकोनात धरला आणि दुसऱ्या टोकावरून थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीने, तोच बुंधा पाहिला. कोन आला ६२ अंश. रुंदी म्हणजे २० गुणिले टॅन ६२. सोबतच्याचा कॅल्क्युलेटर घेतला, उत्तर आलं २९.४३ मीटर. डोळ्यांना तेवढंच दिसत होतं, म्हणून मला काहीच खटकलं नाही. वीस फुटी नळ पाच पुरतील असा हिशेब दिला. नळ आले, जोडत गेले, आणि पाचवा नळ संपला तेव्हा पलीकडचा काठ अजून सात मीटरवर होता. खरी रुंदी ३७.६१ मीटर, लागणार होते सात नळ. कॅल्क्युलेटरच्या वरच्या कडेला ‘जी’ होता. वाडीतली माणसं सकाळपासून खांद्यावर नळ वाहत होती, ती पाण्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. दोन नळ आणायला पुन्हा टेम्पो पाठवावा लागला आणि बायकांना आणखी आठ दिवस डोक्यावरून पाणी आणावं लागलं. ते आठ दिवस मी विसरलेलो नाही.

यातून मला एक गोष्ट पक्की कळली. तुमचं उणे ३.३२ आलं ते खरं तर चांगलं झालं. उणे आलेली लांबी म्हणजे काहीतरी बिनसल्याची खूण असते, ती कधी खोडायची नाही, तिथेच थांबायचं. माझ्या २९.४३ ला अशी खूण नव्हती. तुमचंच छप्पर ग्रेडियनमध्ये काढलं असतं तर उंची १.८४ आणि वासा ३.५२ आला असता, दोन्ही धन, दोन्ही पटण्यासारखे, पायथागोरसशीही जुळणारे. सुतारकाकांनाही कदाचित फारसं खटकलं नसतं.

म्हणून साइन ३० बरोबर आणखी एक ताळा मी करतो, तो डोक्यातल्या डोक्यात. तो सुतारांच्या भाषेत फार सोपा आहे. ४५ अंशांचा उतार म्हणजे फुटाला फूट चढ. ३० अंशांचा म्हणजे फुटाला जवळपास सात इंच (१२ × ०.५७७ = ६.९). तुमचा कोन ३५, या दोघांच्या मधला, आणि ३० च्या जवळचा. तेव्हा चढ सातपेक्षा जास्त आणि बारापेक्षा बराच कमी हवा. टॅन ३५ वरून तो येतो ८.४ इंच. तुमच्या १.४२ वरून तो येतो फुटाला पावणेसहा इंच. सातपेक्षा कमी! तिथेच पकडलं गेलं असतं. ग्रेडियनचं १.८४ सुद्धा फुटाला ७.४ इंच देतं. ते मात्र या चाळणीतून निसटतं, म्हणून दोन्ही ताळे लागतात. आणि वेळ असेल तर तिसरा: पट्टी-कोनमापक घेऊन कागदावर १ मीटरला ५ सेंटीमीटर धरून त्रिकोण काढा. १५ सेंटीमीटरचा पाया, ३५ अंश, उभी बाजू साडेदहा सेंटीमीटर यायला हवी. कागदाला रेडियन माहीत नाहीत.

उलट्या दिशेचा हिशेबही तुम्हाला लागणार आहे, कारण सुतारकाका अंशांत बोलत नाहीत, फुटाला इंचांत बोलतात. त्यांचे साडेआठ इंच म्हणजे किती अंश? त्यासाठी शिफ्ट-टॅन, म्हणजे टॅनच्या डोक्यावर उणे एक घात लिहिलेलं फंक्शन, आणि कंसात ८.५ भागिले १२. उत्तर येतं ३५.३१ अंश. तुमच्या ३५ पासून तिसरा हिस्सा अंशाने दूर, छपराला तेवढ्याने काही होत नाही. इथे दोन खड्डे आहेत. पहिला, टॅनच्या डोक्यावरचं उणे एक बघून मुलं एक भागिले टॅन करतात. ते वेगळं. एक भागिले टॅन म्हणजे कॉट, ते गुणोत्तरच राहतं, कोन मिळत नाही. शिफ्ट-टॅन म्हणजे ‘कोणत्या कोनाचा टॅन एवढा आहे?’ हा प्रश्न. दुसरा खड्डा, ३५.३१ म्हणजे ३५ अंश ३१ मिनिटं नव्हे. दशांशातला ०.३१ अंश म्हणजे ६० मधली साडेअठरा मिनिटं. अंश-मिनिट-सेकंदाचं वेगळं बटण आहे, त्यावर वर एक छोटं वर्तुळ आणि पुढे एक-दोन टिंबांसारखे स्वल्पविराम छापलेले असतात. उत्तर स्क्रीनवर असताना ते दाबलं की ३५ अंश १८ मिनिटं ४० सेकंद असं दिसेल. कोन आत टाकतानाही तेच बटण: ३५, बटण, १८, बटण, ४०, बटण. मोजणीच्या नकाशावरून ३५ अंश १८ मिनिटं वाचून थेट ३५.१८ टाकणारे मी खूप पाहिले आहेत. लांबच्या रेषेला तो फरक चांगलाच भोवतो.

शिफ्ट-साइन किंवा शिफ्ट-कॉस करताना ‘मॅथ एरर’ आला तर घाबरू नका, तो मदत करतोय. साइन आणि कॉस कधीच १ च्या वर जात नाहीत. ३.६६ भागिले २.१० चा शिफ्ट-साइन मागितला तर एरर येणार, कारण कर्ण खाली जायला हवा होता, तो वर गेला. आकडे उलटे टाकलेत एवढंच तो सांगतो.

आणि कंस. तुमच्या कॉलेजातल्या दोन मित्रांचे दोन कॅल्क्युलेटर एकाच बटणांना दोन उत्तरं देतात, याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. एमएस मालिकेत साइन दाबलं की नुसतं ‘साइन’ येतं आणि ते लगेच पुढच्या आकड्यापुरतं लागू होतं. ईएस आणि ईएक्सवर साइनबरोबर कंस आपोआप उघडतो आणि तुम्ही बंद करेपर्यंत उघडाच राहतो. साइन ३० भागिले २ टाकलंत तर एमएसवर ०.२५ येईल, आणि ईएसवर कंस बंद केला नाही तर साइन १५ म्हणजे ०.२५८८. फरक इतका बारीक की लक्षातही येत नाही. ईएसवर कोन टाकून झाला की कंस बंद करायचा, मगच पुढचं चिन्ह दाबायचं.

लहान कोनांबद्दल एक जाता जाता. कोकण रेल्वेच्या मार्गावर चढ जास्तीत जास्त १५० ला १ असा ठेवला आहे. त्याचा कोन अंशांत ०.३८ येतो. कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर येतो ०.००६६७, आणि १ भागिले १५० सुद्धा ०.००६६७ च. कोन लहान असला की रेडियनमधला कोन आणि त्याचा टॅन जवळजवळ एकच असतात. शिफ्ट-टॅन दाबूनही आकडा हललाच नाही असं दिसलं तर कॅल्क्युलेटर अडकलेला नाही, तो रेडियनवर आहे.

तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय की रेडियन ठेवलेच कशाला, अंश काय वाईट होते. याचं उत्तर आपल्याच घरात आहे, आणि ते मला फार आवडतं. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ‘ज्या’ची, म्हणजे आजच्या साइनची, सारणी दिली, दर ३ अंश ४५ मिनिटांना एक, अशा २४ किमती. (साइन हा शब्द याच ‘ज्या’वरून अरबी आणि लॅटिन वळणं घेत आला, कोसाइनला आपण अजून कोज्या म्हणतोच.) त्याने वर्तुळाची त्रिज्या धरली ३४३८. हा आकडा कुठून आला? पूर्ण वर्तुळाच्या कला, म्हणजे मिनिटं, २१६००. त्यांना २π ने भागलं की ३४३७.७५. म्हणजे त्याने परीघ ज्या मापात मोजला त्याच मापात त्रिज्या मोजली, आऱ्याएवढी दोरी धावेवर वळवली तशी. आता ३४३८ ला ६० ने भागा. ५७.३. तोच आपला एक रेडियन. त्या सारणीत ३० अंशांची ज्या आहे १७१९, ३४३८ च्या बरोबर निम्मी. तुम्ही साइन ३० दाबून ०.५ बघता तेव्हा तीच नोंद बघता. आणि सारणीतली पहिली ज्या २२५, तिचा कोनही २२५ कला. लहान कोनाला कोन आणि ज्या एकच, रेल्वेच्या चढासारखं. त्रिज्या आणि वर्तुळाचा चाप एकाच मापात आणले की हा सरळपणा मिळतो, आणि कॅल्क्युलसची सगळी सूत्रं त्याच सरळपणावर उभी आहेत. म्हणून रेडियन आहेत. सुताराच्या गुण्याला (काटकोनी मापपट्टीला) मात्र अंश किंवा फुटाला इंचच बरे.

आता तुमच्या छपराकडे परत येतो. ३५ अंशच ठेवावेत का, हे मी इथे बसून सांगणार नाही. घर समुद्राच्या तोंडावर आहे की डोंगराच्या आडोशाला, कौलं कुठल्या घाटाची, त्यांना खाली किती आधार, यावर ते ठरतं. आजूबाजूच्या वीस-तीस वर्षं टिकलेल्या दोन-तीन घरांचा चढ सुतारकाकांबरोबर जाऊन मोजा, शिफ्ट-टॅनने अंश काढा आणि मग ठरवा. ३५ वरच राहिलात तर आढ्याची उंची २.१० मीटर. वासा आढ्याच्या मध्यापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत ३.६६ मीटर. पण वळचण धरायची विसरू नका. भिंतीच्या बाहेर ६० सेंटीमीटर आडवं छप्पर काढायचं असेल तर आडवं अंतर ३.६ होतं आणि वासा ३.६ भागिले कॉस ३५, म्हणजे ४.३९ मीटर. त्यातून आढ्याची निम्मी जाडी उतारावर जेवढी येते तेवढी वजा होईल. ती तुमचं आढं किती इंची आहे त्यावर. भिंतीच्या माथ्यावर वासा खाचून बसवणार असाल तर सगळंच त्या खाचेएवढं खाली येईल. या दोन गोष्टी सुतारकाकांना माझ्यापेक्षा चांगल्या माहीत असतात, त्यांनाच विचारा.

वाशाच्या वरच्या टोकाचा काप काढायला कॅल्क्युलेटर लागतही नाही. गुण्याच्या एका पात्यावर १२ इंच आणि दुसऱ्यावर ८.४ इंच धरून दोन्ही खुणा वाशाच्या एकाच कडेला टेकवा. ८.४ वालं पातं जी रेघ देईल ती आढ्याला उभी बसेल. सगळे वासे एकदम कापू नका. साइन ३० बघून हिशेब पुन्हा करा, एकच वासा कापा, दोरी-ओळंबा लावून आढ्याच्या उंचीवर धरून बघा. भिंतीच्या माथ्यापासून आढ्याच्या मध्यापर्यंत टेप लावल्यावर ३.६६ पासून किती फरक पडला ते इथे लिहा. दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर बाकीचे वासे कापायच्या आधी भिंतींची पातळी आणि ते ३ मीटरचं अंतर आपण पुन्हा एकदा तपासू.